साडू पाहणीला येतात

मिलिंदरावांचा फोन आला तेव्हा ब्रेमेनमध्ये रात्रीचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे पुण्यात पहाटेचे तीन. अशा वेळी पुण्याचा फोन वाजला की परदेशातल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. मी अंधारात धडपडत उचलला.

"तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" पलीकडून आवाज आला.

"कसलं पाणी?"

"नळाचं हो."

"चोवीस तास असतं."

"दाब?"

"बरा असतो की."

"बरा म्हणजे? बादली किती मिनिटांत भरते?"

आमच्या घरात बादलीच नाही, हे मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मिलिंदराव म्हणाले, "हे फोनवर व्हायचं नाही. मी स्वतः येऊन बघतो."

मिलिंदराव म्हणजे माझे थोरले साडू. कंपनीनं त्यांना विचारलं होतं, तीन वर्षांसाठी ब्रेमेनला जाल का, कुटुंब घेऊन? दुसऱ्या कुणी त्या दिवशी घरी पेढे नेले असते. यांनी दोनशे पानी वही नेली. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'ब्रेमेन : प्रत्यक्ष पाहणी', आणि त्याखाली लाल शाईत 'ऐकीव माहिती घेऊ नये'. आठ वर्षं ब्रेमेनात राहणारा मी त्या ऐकीव माहितीत मोडत होतो.

हा माणूस कुठलीही गोष्ट आधी जाऊन बघून आल्याशिवाय करत नाही. मुंजीचं कार्यालय ठरवायचं तर ते आदल्या महिन्यात तिथल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी मुंजीत जेवून येतात. कोकणात सहलीला जायचं तर आधी एकटे जाऊन खोलीतला पंखा, उशी आणि फ्लश यांची चाचणी घेऊन येतात, आणि आल्यावर इतकं दमलेले असतात की सहल रद्द होते. सातारला आमच्या सासऱ्यांकडे मुलगी बघायला येण्याआधीही हे एकदा एकटेच येऊन नुसती गल्ली बघून गेले होते. 'गल्ली अरुंद. नळ कोरडे. समोर पिठाची गिरणी, सबब आवाज. नापसंत,' असा शेराही मारला होता. पण परत जाताना वही तिथंच, गिरणीच्या कट्ट्यावर राहिली. ती सापडली नेमकी त्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईंना. त्यांनी सगळी वाचली आणि शेऱ्याखाली लिहिलं, 'मुलगी बघायची राहिली.' वही न्यायला मिलिंदराव दुसऱ्या दिवशी आले, आणि पुढं सगळं रीतसर घडलं.

यायला त्यांनी नोव्हेंबर निवडला. मी म्हटलं, "अहो, जूनमध्ये या. रात्री दहापर्यंत उजेड असतो."

"घर पावसाळ्यात बघावं आणि गाव वाईटात वाईट महिन्यात," ते म्हणाले. "जूनमध्ये काय, कुणीही बरं दिसतं."

आता, मिलिंदराव राहतात औंधला, ब्रेमेन चौकापासून चालत पाच मिनिटांवर. पुणे आणि ब्रेमेन या दोन शहरांचं जुनं मैत्र आहे, त्याची खूण म्हणून तो चौक. गेली बारा वर्षं त्या चौकात दिवसातून दोनदा अडकणाऱ्या माणसाला ब्रेमेन या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. त्यामुळे विमानतळावर उतरल्यावर सहा नंबरच्या ट्राममध्ये बसून आम्ही पंधरा मिनिटांत गावात पोचलो, तेव्हा ते खट्टू झाले. "विमानतळ इतका जवळ? मग आवाज येत असणार," म्हणत त्यांनी पहिला शेरा लिहिला. निळ्या पेनानं नोंद आणि लाल पेनानं शेरा. दोन्ही पेनं शर्टाच्या खिशात, टेप कमरेला, आणि बॅगेत पाणसळ व गवंड्याचा ओळंबा. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं ओळंब्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं होतं. मिलिंदरावांनी दोरी धरून तो त्याच्या टेबलासमोर लोंबता सोडला आणि सांगितलं, "टेबल तिरकं आहे."

शनिवारी संध्याकाळी आले, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दूध आणायला बाहेर पडले ते दहा मिनिटांत परत.

"काय झालंय गावात?"

"कुठं काय?"

"सगळं बंद आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणी मोठा माणूस गेला का?"

रविवारी इथं दुकानं बंद असतात, मिक्सर-ड्रिलचा आवाज करायचा नसतो, रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकायच्या नसतात, कारण त्या खळ्ळकन फुटतात आणि लोकांच्या विश्रांतीत बाधा येते, हे मी सांगितलं. मला वाटलं, आता लाल पेन निघणार. पण मिलिंदरावांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी शिष्य भेटल्यासारखा आनंद पसरला. "बाटली टाकायलासुद्धा मुहूर्त!" ते म्हणाले. "आणि लोक पाळतात?" पाळतात म्हटल्यावर त्यांनी 'अनुकूल' या रकान्यात पहिली फुली मारली. पुढं प्लॅस्टिकची बाटली दुकानात परत केली की पंचवीस सेंट मिळतात हे कळल्यावर तर त्यांनी माझ्या माळ्यावरच्या बाटल्या मोजून माझी आठ वर्षांची नुकसानी काढून दिली.

सोमवारपासून खरी पाहणी सुरू झाली. घर बघायचं होतं. इथल्या घराची भाषाच निराळी. तीन खोल्यांचं घर म्हणजे बैठकीच्या खोलीसकट तीन, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वेगळं. भाडंही दोन तऱ्हेचं. 'काल्टमीटे' म्हणजे थंड भाडं, नुसत्या जागेचं. आणि 'व्हार्ममीटे' म्हणजे गरम भाडं, त्यात हीटर, पाणी, जिन्याची झाडलोट असं सगळं. मिलिंदरावांनी विचारलं, "कोमट नसतं का?" पण खरा धक्का पुढं होता. पहिल्याच घरात स्वयंपाकघराच्या जागी नुसत्या भिंती आणि भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ.

"ओटा कुठाय?"

"आधीच्या भाडेकरूंनी नेला."

"ओटा नेला? ओटा?"

इथं पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर भाडेकरूचं असतं. तो जाताना कपाटं, शेगडी, भांडी घासायचं सिंक, सगळं उचलून नेतो. मिलिंदराव त्या रिकाम्या भिंतींसमोर टोपी काढून उभे राहिले. पुण्याला फोन करून त्यांनी ताईंना एवढंच सांगितलं, "इथं ओट्यांचीसुद्धा बदली होते."

दुसरं घर जुन्या ब्रेमेनी पद्धतीचं होतं, अरुंद, उंच, एकाला एक चिकटून उभं असलेल्या ओळीतलं. या शहरात घर मिळणं म्हणजे सहा-सहा महिन्यांची तपश्चर्या. घर दाखवायच्या वेळी जिन्यात पंधरा माणसं उभी. प्रत्येकाच्या हातात पगाराचे कागद, चेहऱ्यावर नम्र हसू. मिलिंदराव थेट आत गेले आणि छताजवळ ओळंबा धरला. पंधरा माणसं श्वास रोखून त्या लोंबणाऱ्या शिशाकडे बघत राहिली. ओळंबा थांबला. मिलिंदरावांनी भिंतीकडे बघून "च्च" केलं. मग जमिनीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका बाजूला सरकला. "च्च, च्च." मग वहीत लाल पेनानं काहीतरी लिहून त्यांनी ते गोलात घेतलं.

जिन्यात कुजबुज सुरू झाली. एक जोडपं घड्याळ बघत निघून गेलं. त्यांच्यामागून दाढीवाला एक तरुण. पाच मिनिटांत मागं उरले आम्ही दोघं, घामाघूम झालेला दलाल, आणि एक मुलगा, जो नंतर कळलं की पत्ता चुकून आला होता. दलाल माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या साहेबांना हवं असेल तर घर आजच देतो."

मी आनंदानं मिलिंदरावांकडे वळलो. आठ वर्षांत असं नशीब मी कुणाचं पाहिलं नव्हतं. मिलिंदराव टेप गुंडाळत म्हणाले, "सांगा, विचार करून कळवतो. पहिलंच स्थळ लगेच पसंत करायचं नसतं."

शाळेची पाहणी लवकर आटोपली. शाळेच्या फाटकासमोर टेप आणि वही घेऊन उभा असलेला, मुलं मोजणारा परका माणूस बघून एक शिक्षिका बाहेर आल्या, आणि मी धावत जाऊन काय ते समजावून सांगितलं. त्या बाईंना सगळं पटलं. फक्त शेवटी त्यांनी विचारलं, "मुलं कुठं आहेत?" मी म्हटलं, पुण्यात. "मग यांना आधी कशाला पाठवलं?" या प्रश्नाचं भाषांतर मी केलं नाही.

मधल्या काळात घरी 'फोडणी चाचणी' झाली. जर्मन घरात आपला स्वयंपाक चालेल का, हे प्रत्यक्ष बघायला मिलिंदरावांनी पुण्याहून हिंग, मोहरी, सुक्या मिरच्या आणि तीन लिटरचा कुकर आणला होता. हे स्वतः जिन्यात उभे राहून शिट्ट्या मोजणार आणि मी आत फोडणी करणार, असं ठरलं. तिसऱ्या शिट्टीला मी मिरच्या तेलात टाकल्या. चौथ्या शिट्टीला बोळातली धूरसूचक डबी किंचाळायला लागली. इथं प्रत्येक घरात ती बसवणं कायद्यानं सक्तीचं आहे. कुकर, डबी आणि माझा खोकला असा तिहेरी गजर चालू असताना खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून वर आल्या.

मला वाटलं, झालं, आता तक्रार. आजींनी आधी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. घर हवेशीर ठेवणं हा इथला राष्ट्रीय व्यायाम आहे. मग मिलिंदरावांना विचारलं, "हे यंत्र कसलं?" त्यांनी कुकरचं झाकण उघडून आतली डाळ दाखवली. आजींना ती वाफेवर चालणारी डाळ इतकी आवडली की त्यांनी आम्हा दोघांना खाली चहाला नेलं.

आजी मूळच्या पूर्व फ्रीजलंडच्या, ब्रेमेनच्या पश्चिमेच्या समुद्रकाठच्या. तिकडचे लोक चहावर जीव टाकतात. कपात आधी मोठ्ठा खडीसाखरेचा खडा, त्यावर गरम चहा, की तो खडा तडतडतो, आणि वरून चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडलेली साय. ढवळायचं नाही. आधी साय, मग कडक चहा, शेवटी साखर, अशा पायऱ्यांनी तो प्यायचा. मिलिंदराव खूश. "ढवळायचा नाही, म्हणजे चमच्याचा खर्चच नाही." मग दुसरा कप आला. तिसरा आला. मिलिंदरावांनी पुणेरी सभ्यतेनं "नको, नको" म्हटलं. चौथा आला. बशी उपडी घातली, पाचवा आला. सहाव्या कपाला त्यांनी माझा हात धरला. "अहो, हे थांबवायचं कसं?"

मला तरी कुठं ठाऊक होतं? आठ वर्षं मी त्या आजींना जिन्यात 'मोइन' एवढंच म्हणत आलो होतो, इथं सकाळ-संध्याकाळ सगळे तेवढंच म्हणतात. शेवटी, आठव्या कपाला, आजींनीच हसत सांगितलं : चमचा ढवळायला नाहीच, तो रिकाम्या कपात उभा ठेवायचा, म्हणजे पुरे. मिलिंदरावांनी थरथरत्या हातानं वही काढली आणि पान एकतीसवर लिहिलं, 'चमचा कपात ठेवावा. तीन कप हा रिवाज. नकार तोंडी चालत नाही.' मग आजींची रीतसर मुलाखत सुरू झाली. छप्पन्न प्रश्न, मी दुभाषी. घरात मांजर का? पोस्टमन कधी येतो? बाईंना भीती कशाची वाटते? शेवटच्याला आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "रविवारची." ते मिलिंदरावांनी लिहून घेतलं, पण शेरा मारला नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांना चौकात नेलं. नगरभवनासमोर 1404 साली उभा केलेला रोलांडचा दगडी पुतळा आहे, तो उभा आहे तोवर ब्रेमेन स्वतंत्र राहील अशी समजूत. त्याच्या दोन गुडघ्यांमधलं अंतर म्हणजे जुन्या ब्रेमेनचा हात, बाजारातले व्यापारी त्यावरून माप पडताळायचे असं सांगतात. "म्हणजे गावच मोजणाऱ्यांचं!" असं म्हणत मिलिंदराव टेप सोडून पुढं सरसावले. मी त्यांना कमरेला धरून मागं ओढलं.

तिथून पुढं कॅथीड्रलजवळ फरसबंदीत एक दगड आहे, त्यावर क्रूस कोरलेला. एका बाईनं पंधरा माणसांना उंदरांचं विष घालून ठार केलं होतं. 1831 साली तिला इथं चौकात मारलं, आणि तेव्हापासून लोक त्या दगडावर थुंकतात. मी सांगितलं, आणि मिलिंदराव एकदम हरखले.

"अधिकृत?"

"अधिकृतच म्हणा की."

आयुष्यभर वर्तमानपत्रांना 'सार्वजनिक ठिकाणी थुंकणारे' या विषयावर पत्रं लिहिलेला माणूस. दगडासमोर उभे राहिले, गाल फुगवले, इकडंतिकडं बघितलं. मग गाल तसेच खाली आले. "जमत नाही हो," ते म्हणाले. "पावती देत असतील तर बघू."

शेवटी गाठला तो ब्रेमेनच्या वाद्यवृंदाचा पुतळा. गाढवावर कुत्रा, कुत्र्यावर मांजर, मांजरावर कोंबडा. गेरहार्ड मार्क्स या शिल्पकारानं 1953 साली केलेला. गाढवाचे पुढचे पाय लोकांनी धरून-धरून सोन्यासारखे झालेत. दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरले की इच्छा पुरी होते म्हणतात. मिलिंदरावांच्या एका हातात वही होती. त्यांनी उरलेल्या हातानं एकच पाय धरला, डोळे मिटले. शेजारून जाणारे एक आजोबा हसून काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?"

"शुभेच्छा दिल्या," मी म्हटलं. इथं एका हातानं पाय धरणाऱ्याला म्हणतात, एक गाढव दुसऱ्या गाढवाला नमस्कार करतंय.

परत येताना मी त्यांना ग्रिम बंधूंची गोष्ट सांगितली. म्हातारं गाढव धन्याला नकोसं झालं, म्हणून ब्रेमेनला जाऊन वादक व्हायचं ठरवून निघालं. वाटेत कुत्रा, मांजर, कोंबडा भेटले. जंगलात चोरांचं घर लागलं. चौघांनी एकावर एक चढून असा काही गोंधळ घातला की चोर पळाले, आणि ते घर त्यांना इतकं आवडलं की ते तिथंच राहिले.

"आणि ब्रेमेन?"

"ब्रेमेनला ते पोचलेच नाहीत."

मिलिंदराव थांबले. "मग पुतळा यांचा कशाला?"

पुण्याला गेल्यावर अहवाल तयार झाला. मुद्दे 90. अनुकूल 41, प्रतिकूल 38, अनिर्णित 11. सूर्य : नऊ दिवसांत 47 मिनिटं, तीही तुटक. घरातल्या सगळ्यांसमोर त्यांनी तो वाचला आणि निष्कर्ष सांगितला : नोव्हेंबरची पाहणी एकतर्फी आहे, एकदा जूनमध्ये जाऊन यावं, मग सरासरी काढता येईल. कंपनीला एवढी सरासरी नको होती. तिनं मिलिंदरावांच्या हाताखालच्या एका मुलाला विचारलं. त्यानं नकाशावर ब्रेमेन कुठं आहे तेही न बघता होय म्हटलं आणि बायको, तान्हं मूल आणि आई घेऊन येऊन दाखल झाला.

मी ताईंना फोन केला. मला वाटलं, वाईट वाटत असेल. ताई म्हणाल्या, "साताऱ्याला वही पडली, म्हणून संसार झाला. या वेळी वही कुठं पडली नाही, त्याला मी काय करणार?"

पण वही पडली होती. तो मुलगा निघताना मिलिंदरावांनीच त्याच्या हातात तिची नक्कल ठेवली. त्यानं दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. यंदाच्या गणपतीत आरतीनंतर नव्यानं आलेली एक मुलगी मला मोबाइल दाखवत म्हणाली, "काका, हे तुमच्याकडे नाही का? इथले सगळे यावरच चालतात." पहिल्या पानावर 'श्री'. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा, घरमालकाचं पत्र बरोबर न्या. घर घेताना ओटा आहे का विचारा. बाटल्या रविवारी टाकू नका. फोडणीच्या आधी खिडकी उघडा. "औंधच्या एका साहेबांनी लिहिलंय," ती म्हणाली. "वीस वर्षं होते म्हणे इथं."

परवा आमच्या आजींनी तिला चहाला बोलावलं. तिसरा कप संपल्यावर त्या पोरीनं अलगद चमचा कपात ठेवला. आजी बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तो टेपवाला माणूस कधी येतोय राहायला?"

संध्याकाळी मी मिलिंदरावांना हे सांगायला फोन केला. ते ब्रेमेन चौकातच होते, सिग्नलला. "बोला लवकर," ते म्हणाले. "नव्वद सेकंदांचा आहे, त्यातले बत्तीस गेले."

दुसऱ्या दिवशी ट्रामसाठी जाताना पुतळ्यापाशी गर्दी नव्हती. इतक्या वर्षांत मी गाढवाचे पाय कधी धरले नव्हते. एका हातात पिशवी होती, म्हणून एकच धरला. ओळखीच्यांत एवढा उपचार लागत नाही.